कौतिकनानांचा नवस

रुपचंद पेंटरचा तसा काही दोष नव्हता. चैत्र लागला की पारोळ्यातला हा माणूस गडावर पायी जाणाऱ्या मंडळांचे फलक रंगवायचा, सकाळ-संध्याकाळ तेच. पांढरं कापड पुढ्यात आलं की त्याचा ब्रश आपोआप शेंदरी डब्यात बुडायचा. कौतिकनाना आपलं कापड घेऊन गेले आणि “नक्षी-बिक्षी काही नको, साधं लिही” म्हणाले, तेव्हा त्यानं मान डोलावली आणि नेहमीसारखंच केलं. दोन बाजूंना दोन झेंडे, मधे गडाचा डोंगर, त्याखाली ढोबळ अक्षरांत ‘श्री सप्तशृंगी माता प्रसन्न’. मग उरलेल्या जागेत, भरल्या एसटीत चौथ्याला सीटवर घ्यावं तसं अंग चोरून: ‘कै. सरला हिच्या स्मरणार्थ रक्तदान मॅरेथॉन, पारोळा ते देवपूर.’

शेवंताबाईंनी कापड अंगणातल्या दोरीवर टाकलं. दोन पावलं मागे सरून पाहिलं, मग चार पावलं पुढे येऊन पाहिलं.

“पोरनं नाव दिखस नही,” त्या म्हणाल्या.

“खाले शे ना.”

“जो जवळ येई त्यालेच दिखी.”

“मग येतीन जवळ,” नाना म्हणाले आणि कापडाची घडी घालायला लागले.

नवऱ्याच्या या भरवशाला काय म्हणावं ते शेवंताबाईंना कळत नसे. इतकं पाहूनही ज्याला वाटतं की लोक जवळ येतील, त्याला भोळा म्हणावं की हट्टी? लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांचा निकाल लागला नव्हता.

कौतिकनाना एसटीत ड्रायव्हर. पारोळा-धुळे हा रस्ता त्यांच्या चाकाखालून इतका गेला होता की झोपेतसुद्धा मुकटीचं वळण आलं की त्यांचा पाय ब्रेक दाबतो, असं शेवंताबाई हसून सांगायच्या. म्हणजे पूर्वी सांगायच्या. आता नाना झोपतच नसत. ओट्यावर बसून राहत.

सरला त्यांची एकुलती एक. बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पोटातच गेलं, आणि मग तिचं अंगावरून जाणं थांबेना. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्त आणा. नानांचं घेतलं, चढवलं, ते पुरलं नाही. जावयाचं जुळलं नाही. शेवंताबाईंच्या बोटाला टोचून नर्सनं थेंब निळ्या पाण्याच्या ग्लासात सोडला. रक्त चांगलं असलं की थेंब तळाला जातो. शेवंताबाईंचा वरच तरंगत राहिला, लाल मुंगीसारखा. “तुमच्यातच नाही बाई, तुम्ही काय देणार?” असं म्हणून नर्सनं ग्लास बाजूला सरकवला.

बाहेर लिंबाखाली माणसं काही कमी नव्हती. भाऊबंद, सोयरे, गल्लीतले, ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आलेले. नाना बाहेर गेले आणि म्हणाले, रगत पाहिजे. “हा हा नाना, का नही?” सगळे म्हणाले. मग निंबा, नानांचा सख्खा धाकटा भाऊ, उठला. “जरा चहा पिसनी येतस,” म्हणाला. त्याच्यासोबत आणखी दोघे गेले. त्यांना बोलवायला म्हणून कोणी गेलं, आणि त्या बोलवायला गेलेल्याला शोधायला कोणी. शेवंताबाई खिडकीतून पाहत होत्या. शेवटी लिंबाखाली एक कापडी पिशवी आणि कोणाच्या तरी चपला उरल्या. चपला टाकून माणूस पळतो म्हणजे काय घाईनं पळत असेल! पुढे कितीदा ते आठवायचं आणि रडू यायचं तिथे त्यांना मेलं हसू यायचं.

दिवस मावळायच्या आत सरला गेली. तेव्हा लिंबाखाली सगळे परत आले होते. खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत.

पळायचं नानांच्या डोक्यात आलं ते एसटीच्या कँटीनमधल्या पेपरातून. परदेशात म्हणे कोणाचं माणूस गेलं की ते त्याच्या नावानं पळतात, आणि ओळखीचे लोक दर मैलामागे काहीतरी धर्माला देतात. नाना तो कागद खिशात घालून घरी आले. म्हणाले, आपण पैसे नाही मागायचे. गावागणिक एक बाटली मागायची.

“पळीसनी कोणाले रगत सुटस का?” शेवंताबाईंनी विचारलं.

“लोक पाहतीन तरी. इतला म्हातारा माणूस कसाले पळस, असं इचारतीन. इचारं म्हणजे सांगता येई.” मग थोडं थांबून, भिंतीकडे पाहत ते म्हणाले, “एक माणूस, शेवंता. एकच. सरलाना नावनं बाही वर करीसनी झोपना, का मी सुटनू.”

नाना पन्नाशीचे. तरुणपणी पोलीस भरतीत ते पळण्यात पहिले आले होते आणि छातीत नापास झाले होते. म्हणून मग एसटी. आता रोज पहाटे ते अमळनेर रस्त्यानं पळायला जायला लागले. शेवंताबाईंचाही एक बेत होता, पण तो त्यांनी कोणाला सांगितला नाही. दोन वर्षं त्या मूठ मूठ शेंगदाणे गुळाशी खात होत्या, पालेभाजी पातेल्यानं खात होत्या, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या काळपट गोळ्या घेत होत्या. तोंडाला गंजाची चव आली तरी घेत होत्या. बाकी कोणी नाही तर नाही, एक बाटली आपली. थेंब या वेळी बुडवायचाच.

देवपुरातल्या एका शाळेनं सभागृह द्यायचं कबूल केलं, रक्तपेढीच्या गाडीनं यायचं कबूल केलं. तेवढ्यात एका मास्तरानं शंका काढली, की मॅरेथॉन म्हणतात ती याहून लांब असते, पारोळा ते देवपूर भरत नाही. नाना सरळ माणूस. म्हणाले, मग जे कमी पडतं ते आधी पारोळ्याच्या किल्ल्याभोवती पळून घेतो.

आणि इथेच सगळं बिनसलं.

पहाटे किल्ल्याच्या खंदकाकडेनं एक माणूस डोक्याला रुमाल बांधून फेऱ्यांवर फेऱ्या मारतोय, चैत्राचा महिना, मागे रिक्षा, रिक्षेला गडाच्या डोंगराचं कापड. पाणी भरायला निघालेल्या बायकांनी कळश्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. “प्रदक्षिणा शे माय,” एक म्हणाली. “मोठा नवस दिखस.” नानांची शेवटची फेरी व्हायच्या आत दोन माणसं नारळ घेऊन वाटेत उभी राहिली होती.

“हाऊ नवस नही शे, भाऊ,” नाना पळता पळता म्हणाले. “मी गडवर नही जाय राहिनू. देवपूरले या, रगत देवाले.”

“हो बाबा, हो,” माणसं म्हणाली आणि नारळ रिक्षेत ठेवून नानांच्या पाया पडली.

रिक्षा हारुनची. हा चाळिशीतला माणूस नानांच्या ओळखीचा. एसटी चुकलेल्यांवर त्याचं पोट चालायचं, त्यामुळे तो नानांना गमतीनं ‘मेरा दुश्मन’ म्हणायचा. भाड्याचं विचारलं तर त्यानं कानाला हात लावला होता. रमजान चालू होता आणि त्याचा रोजा होता. मागच्या सीटवर शेवंताबाई, त्यांच्या पायाशी पाण्याचा माठ, लिंबू-मिठाची बाटली आणि आता गडगडणारे नारळ.

“भाभी, दुपारपर्यंत माझी रिक्षा देऊळ होणार बघा,” तो म्हणाला. “मग मला चप्पल काढून चालवावी लागेल.”

“देवळात पुजारी लागस,” शेवंताबाई म्हणाल्या. “तुमची दाढी चालेल.”

तो खो खो हसला. सकाळची वेळ होती, हसणं अजून स्वस्त होतं.

पारोळं सोडलं आणि ऊन वर आलं. नाना पळत होते. घाई न करता, एका चालीत, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकावी तसे. शेवंताबाईंनी हा माणूस स्टिअरिंगमागे पाहिला होता, पाटावर पाहिला होता, ओट्यावर पाहिला होता. पळताना पाठमोरा असा कधी पाहिला नव्हता. पोटऱ्या बारीक, मानेवर घाम, आणि खांदे मात्र पोरासारखे. त्यांना एकाएकी फार माया आली, आणि माया आली की त्यांना राग यायचा. “टाच टेका जरा, पाय मुरगळीन!” त्या ओरडल्या.

पाय मुरगळला नाही, बुटांनी खाल्ला. दौडीसाठी म्हणून मुद्दाम आणलेले कॅनव्हासचे नवे कोरे बूट. टाचेला फोड येऊन फुटले तेव्हा नाना रस्त्याच्या कडेला बसले, बूट काढले आणि रिक्षेत शेवंताबाईंच्या मांडीवर टाकले. मग अनवाणी उठले.

“आता तर झालंच,” हारुन हळूच म्हणाला.

आणि झालंच. अनवाणी म्हणजे आता कोणाला शंकाच उरली नाही. समोरून येणाऱ्या एसट्या नानांच्याच डेपोच्या. ड्रायव्हर ओळखून हॉर्न द्यायचे, पण खिडक्यांतून हात जोडले जायचे आणि नाणी पडायची. डांबर तापलं होतं. मुकटीच्या अलीकडे बायका हंडे घेऊन रस्त्यावर आल्या. गडावर जाणाऱ्यांच्या वाटेवर पाणी शिंपायची रीतच आहे तिकडची. नाना पोचायच्या आधी त्या डांबरावर पाणी ओतायच्या, मग पायांवर ओतायच्या, मग ओल्या पायांवर हळद-कुंकू. फुटलेल्या फोडांत हळद गेली तेव्हा नानांनी दात आवळले.

“मायन्हो, मी देवीना माणूस नही,” त्यांनी सांगितलं. “मी ड्रायव्हर शे. मनी पोर गई. तिले रगत भेटनं नही. तुमना गडीसले देवपूरले धाडा.”

बायकांनी च्‌ च्‌ केलं. एकीनं पदर डोळ्याला लावला. “पोरनासाठे नवस बोलेल शे बापनी,” ती मागच्या बायकांना म्हणाली. बातमी मागे गेली, आणि मागून आणखी हंडे पुढे आले.

मुकटीच्या स्टँडवर एक म्हातारी आडवी आली. भिकुबाई तिचं नाव, बाकीच्या तिला तसं हाकारत होत्या. तिनं नानांचा हात धरला.

“थांबा बाबा, मनी सूनना दिवस भरनात. घरमा शे. आनस तिले. तिना डोकावर हात ठेवा.”

नानांनी हात सोडवून घेतला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “माझ्या हातानं काही होत नाही, मावशी! माझ्या हातानं झालं असतं तर...” ते पळायला लागले. म्हातारी रस्त्यात तशीच उभी राहिली. शेवंताबाईंनी रिक्षेतून मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा कोणी शाप दिल्यासारखा झाला होता.

फागण्याला तर मांडव होता. निंबाची सासुरवाडी फागणे आणि लग्नापासून तो तिथेच स्थायिक. वेशीवर त्यानं पताका लावल्या होत्या, बँड नव्हता तर डफ आणला होता. शाल, श्रीफळ, फेटा. सवाष्णी ताट घेऊन उभ्या. शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. पळणाऱ्या माणसाला मधेच थांबवून खुर्चीवर बसवलं, की त्याचे पाय गोठतात, एवढं त्यांनाही कळत होतं. पण भावानं मांडलेल्या खुर्चीवर न बसणं म्हणजे अख्ख्या गावाचा अपमान. नाना बसले. ओवाळलं. भाषण झालं. निंबा बोलताना खराच रडला. सरलाला त्यानं खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले होते, ते सगळ्यांना सांगितलं. खोटा नव्हता तो. हेच तर अवघड होतं.

मग दुधाचा पेला आला, केळी आली, शिरा आला. “खा नाना, पुढे चढ शे.” नानांनी दोन घास खाल्ले.

“निंबा,” ते म्हणाले, “मी नारळ नही मांगी राहिनू.”

“माले माहीत शे ना, नाना! मी येसू ना देवपूरले. अख्खा फागणं आनसू. तुम्ही कायजी करू नका.”

शेवंताबाई दिराकडे पाहत होत्या. तोच चेहरा, तीच हा-हा. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “चहा आधीच पिऊन या हां.”

निंबाला कळलं. त्याची मान खाली गेली, पण क्षणभरच. डफ वाजायला लागला.

नाना खुर्चीवरून उठले तेव्हा पाय हलेनात. दोघांनी धरून उभं केलं. नंतरचा रस्ता ते पळाले म्हणणं म्हणजे प्रेमानं म्हणणं आहे. चालले, लंगडले, चार पावलं पळाले, पुन्हा चालले. डोक्यावर फेटा, गळ्यात माळा. त्या काढून टाकाव्यात तर प्रत्येक गावच्या बायकांना वाईट वाटेल म्हणून काढल्या नाहीत. ऊन असं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. हारुनच्या ओठांना कोरड पडून पापुद्रे आले होते. शेवंताबाई नवऱ्याला पाणी द्यायच्या तेव्हा हारुन तोंड फिरवून भलतीकडे पाहायचा.

धुळ्यात शिरून पांझरेचा पूल लागला. नदीत नेहमीप्रमाणे पाणी सोडून सगळं होतं. पुलाच्या मध्यावर नाना थांबले आणि कठडा धरला. शेवंताबाई उतरून जवळ गेल्या.

“रिक्षात बसा आता. कोणी पाहत नही.”

“सरला पाहस ना,” नाना म्हणाले, आणि ते लाजल्यासारखे हसले, कारण अशी वाक्यं बोलायची त्यांना सवय नव्हती. मग कठडा सोडून चालू लागले.

देवपुरातल्या त्या सभागृहात पाच खाटा मांडल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या. कोपऱ्यात टेबलावर ग्लुकोज बिस्किटांचे पुडे आणि चहाची किटली, रक्त देणाऱ्यांसाठी. टेबलाशी एक चष्मेवाला डॉक्टर पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसला होता. सगळ्या खाटा रिकाम्या.

“आलात?” तो उठून म्हणाला. माणूस चांगला होता. “कॉलेजच्या पोरांची वाट पाहत होतो. पण परीक्षा तोंडावर आल्यात म्हणे. आईबापांनी सोडलं नाही. रक्त दिलं तर पेपर कसा लिहिणार?”

थोड्या वेळानं फागण्याचा ट्रॅक्टर आला. निंबा शब्दाला जागला होता, ट्रॉली भरून माणसं आणली होती. नाना भिंतीला टेकून बसले होते ते सरळ झाले. माणसं आत आली. खाटा पाहिल्या, सुया पाहिल्या. आणि भिंतीकडेनं, पंगतीला बसावं तशी बसली. कोणीतरी बिस्किटांचा पुडा फोडून प्रसाद म्हणून पुढे सरकवला. किटली फिरली. डॉक्टर “अहो, ते डोनरसाठी आहे” म्हणत राहिला, पण प्रसादाला नाही कोण म्हणतं? एकाला विचारलं तर त्याला उद्या गहू काढायचा होता. एकाचा गुरुवार होता, आणि वार शनिवार होता. एक म्हणाला, “नाना, तुमनासारखा पुण्यवान माणूसनं द्याले पाहिजे, आमनं पापी रगत काय कामनं?”

निंबा सगळ्यांच्या पुढे होता. बाही त्यानं खरंच वर केली होती. नाना त्या उघड्या दंडाकडे पाहत होते. तो खाटेपर्यंत गेला, बसला, आडवासुद्धा झाला. डॉक्टरनं रबरी नळी बांधली. निंबानं मान वळवून सुई पाहिली आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. “नाना,” तो कुजबुजला, “मनाकडथीन नही होत. आईनी शप्पथ, नही होत.” आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. कोणी त्याला बोलण्याआधी नानांनीच उठून त्याच्या दंडाची नळी सोडली.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “जा, चहा पी.”

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच निंबा अधिक रडला.

मग नाना स्वतः खाटेवर चढले. डॉक्टरनं त्यांची नाडी पाहिली, ओठ पाहिले, आणि हात धरून खाली उतरवलं. “आज तुम्हालाच सलाईन लावायची वेळ आहे, नाना. मी नाही घेणार.”

शेवंताबाईंनी पदर खोचला. त्यांचा नंबर आला होता. कोणाला न सांगितलेला बेत आता उघडा झाला. नाना वळून पाहत राहिले. शेवंताबाईंनी बोट पुढे केलं. डॉक्टरनं टोचलं. ग्लासातलं पाणी तसंच निळं, दवाखान्यातल्यासारखं. थेंब पडला, थोडा आत गेला. शेवंताबाईंचा श्वास त्याच्याबरोबर खाली गेला. शेंगदाणे, गूळ, भाज्या, त्या गंजक्या गोळ्या, सगळं त्या एका थेंबामागे लागून त्याला खाली ढकलत होतं. अर्ध्यावर जाऊन तो थांबला. जरा विचार केल्यासारखा थांबला. मग सावकाश वर आला.

“थोडक्यात राहिलं हो,” डॉक्टर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

दारात हारुन उभा होता. चपला बाहेर काढून आला होता. “डॉक्टरसाब,” तो म्हणाला, “माझं घ्या. पण रोजा सुटल्यावर. आत्ता दिलं आणि चक्कर आली तर पाणी प्यावं लागेल, रोजा तुटेल. दिवस मावळून मगरिब होईपर्यंत थांबता का?”

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. गाडी त्याच्या हातातली नव्हती, ड्रायव्हर आधीच बाहेर हॉर्न देत होता. पेट्या भरल्या गेल्या. चादरींवर रक्ताचा ठिपकासुद्धा पडला नव्हता; तशाच उचलल्या. नानांनी गाडी जाताना पाहिली, ड्रायव्हर ड्रायव्हरकडे पाहतो तसं.

“एक पण नही,” ते म्हणाले.

परतीला नाना मागच्या सीटवर, पाय नारळांवर ठेवून. फेटा अजून डोक्यावरच होता. शेवंताबाईंच्या मांडीवर ते नवे बूट. फागणं गेलं, पताका तशाच होत्या. दिवस कलला. मुकटीजवळ हारुननं रिक्षा कडेला घेतली. लांबच्या मशिदीतून अजान आली नाही, पण त्यानं आकाश पाहून ठरवलं. खिशातून खजूर काढला आणि नुसता हातात धरला. शेवंताबाईंनी माठातलं पाणी ओतून पुढे केलं.

तेवढ्यात स्टँडकडून भिकुबाई पळत आली. म्हणजे म्हातारीला जेवढं पळता येतं तेवढी. मागे तिची सून, पोट सांभाळत, पदर तोंडात धरून. सकाळपासून त्या दोघी रस्त्यावर बसून होत्या.

“बाबा,” भिकुबाई धापा टाकत म्हणाली, “सकाळले तुम्ही कोपनात. मनं काही चुकनं व्हई तर माफ करा. पण हिना डोकावर हात ठेवा. नही तर मी सरकाव नही.”

शेवंताबाई पुढे वाकल्या. त्यांनी पोरीची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी जरा खाली ओढली, नर्स करायची तशी. आत लाली असावी तिथे नुसती फिकी पांढुरकी कड. नखंही तशीच. सरलापेक्षा लहान असेल वयानं.

“हिला दवाखान्यात दाखवलं का?”

“कसाले? देवीना माणूस दारशी उना. आते काय दाखाडनं?”

शेवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नाना दिवसभर एकच गोष्ट सांगत आले होते, प्रत्येक गावाला, प्रत्येक हंड्याला, मी देवीचा माणूस नाही. पाय फुटले तरी तेवढं सोडलं नव्हतं. हात ठेवला तर म्हातारी निर्धास्त होऊन पोरीला घरी नेणार. नाही ठेवला तर अपशकुन म्हणून रडत नेणार. पण नेणार घरीच.

नाना रिक्षेतून उतरले. उभं राहायला त्यांना टपाचा दांडा धरावा लागला. त्यांनी फेटा नीट केला. त्यांनी फेटा नीट केला तेव्हाच शेवंताबाईंना कळलं आणि त्यांनी मान फिरवली. त्यांना ते पाहवेना.

“मी देवीना माणूस शे,” नाना म्हणाले. आवाज कोणा भलत्याचाच वाटत होता. त्यांनी हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. हात थरथरत होता. म्हातारीला त्यात अंगात आल्याचं दिसलं आणि तिनं रस्त्यावर डोकं टेकलं. “आईनं सांगेल शे. बाळंतपण घरमा नही. धुळाले, मोठा दवाखानामा. आणि संगे दोन गडी. घरना. तठेच बठाले पाहिजेत. हालाले नही पाहिजेत.”

“हो बाबा, हो,” भिकुबाई म्हणाली. “आणि नारळ कितला फोडू?”

नानांनी हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न समजल्यासारखे उभे राहिले.

“दोन गडी कसाले?” पोरीनं विचारलं. पदरातून, हळू आवाजात. सबंध दिवसात, पारोळा ते देवपूर आणि परत, हे एकट्या तिनं विचारलं होतं.

“रगत देवाले,” शेवंताबाई म्हणाल्या. “तुझं कमी पडलं तर. तुझ्या नवऱ्याला सांग. आजच सांग. पळून गेला तर...”

“शुभ बोल वं माय!” भिकुबाई कडाडली. तिनं सुनेचा दंड धरला आणि तिला ओढतच घराकडे घेऊन गेली. पोर दोनदा मागे वळून पाहत होती. कशासाठी, ते कळायला अंतर फार झालं होतं.

हारुननं खजूर तोंडात टाकला. मग दोरी ओढून रिक्षा चालू केली. नाना चढून बसले. मुकटीचं वळण आलं तेव्हा शेवंताबाईंना त्यांचा पाय हललेला दिसला. रिक्षेच्या पत्र्यावर, जिथे ब्रेक नव्हता तिथे, तो दाबून बसला होता, आणि वळण गेलं तरी त्यांनी तो उचलला नाही.